हजेरी, पास आणि कुंपण : गुन्हेगार जमाती कायद्याने घडवलेली गुन्हेगारी

१८७१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात संमत झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला असा अधिकार दिला की, ठरावीक जमातीत जन्मलेल्या माणसाला त्याने काही करण्याआधीच गुन्हेगार मानावे, त्याचे नाव नोंदवहीत घालावे आणि त्याच्या जाण्यायेण्यावर पहारा बसवावा. आणि १९११ व १९२४ मध्ये नव्याने बांधला गेलेला हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत देशाच्या कोणत्या ना कोणत्या भागात अमलात राहिला. त्याच्या क्रौर्याची हकिगत मराठी वाचकाला अपरिचित नाही, कारण ज्यांच्या आईबापांनी ते भोगले त्यांनीच ती आत्मकथनांतून सांगितली आहे. येथे विचार करायचा आहे तो या इतिहासाच्या एका विशिष्ट अंगाचा, तो म्हणजे चोऱ्या आणि दरोडे थांबवण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेने गुन्हेगारी वाढवली कशी, आणि वाढलेली गुन्हेगारी हाच आपल्या गरजेचा पुरावा म्हणून ती यंत्रणा पिढ्यानपिढ्या पुढे करू शकली कशी.

समाजाच्या रूढ नियमांपासून ढळलेल्या वर्तनाला समाजशास्त्रात विचलन म्हणतात. त्याची कारणे शोधताना अभ्यासकांची नजर दीर्घकाळ विचलन करणाऱ्याकडेच, म्हणजे त्याच्या रक्ताकडे, स्वभावाकडे किंवा दारिद्र्याकडे लागलेली होती. ती दुसरीकडे वळवणाऱ्यांत अमेरिकन अभ्यासक फ्रँक टॅननबॉम हे अग्रणी होते. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्राइम अँड द कम्युनिटी’ या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, एखाद्या मुलाच्या खोडीला समाज जेव्हा दुष्टपणाचे नाव देतो, त्याला चारचौघांतून वेगळे काढतो आणि उठता-बसता त्याच नावाने ओळखू लागतो, तेव्हा तो मुलगा हळूहळू त्या नावासारखाच होत जातो. एडविन लेमर्ट यांनी १९५१ मध्ये या विचाराला नेमकी परिभाषा दिली. काही कारणाने प्रसंगी घडलेले, माणसाच्या स्वतःविषयीच्या समजुतीला धक्का न लावणारे वर्तन म्हणजे प्राथमिक विचलन. आणि त्यावर समाजाने केलेल्या शिक्षेला, बहिष्काराला व संशयाला तोंड देता देता ज्याच्याभोवतीच जगण्याची घडी बसते ते दुय्यम विचलन. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये हे सूत्र आणखी पुढे नेऊन म्हटले की, विचलन हा कृतीचा अंगभूत गुण नसून समाजाने कर्त्यावर मारलेला शिक्का आहे. तर लेस्ली विल्किन्स यांनी याच सुमारास विचलनाच्या वर्धनाची, म्हणजे प्रतिक्रिया आणि विचलन यांनी एकमेकांना वाढवत नेण्याची कल्पना मांडली. हे सिद्धांत पाश्चात्त्य शहरांतील टोळ्या, व्यसनी माणसे आणि बंडखोर तरुण यांच्याकडे पाहून बांधले गेले. परंतु एखाद्या राज्यसत्तेने शंभराहून अधिक समाजांवर एकाच वेळी शिक्का मारावा आणि त्याचा परिणाम स्वतःच्याच दप्तरात पिढ्यानपिढ्या नोंदवत राहावे, असा प्रकार हिंदुस्थानात त्याआधीच घडून गेला होता.

हा शिक्का ज्यांच्यावर बसला ते समाज मुळात काय करत होते, हे पाहिल्याशिवाय पुढचा इतिहास समजत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील रामोशी हे गावाचे आणि डोंगरी किल्ल्यांचे रखवालदार होते. गावात चोरी झाली की रामोशाने माग काढायचा, माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला की तेथील रखवालदाराने तो पुढे न्यायचा, आणि माग जेथे खुंटेल तेथल्यांनी चोरीचा माल शोधून द्यायचा किंवा नुकसान भरून द्यायचे, अशी ती पद्धत होती. तिच्या मोबदल्यात रामोशाला गावाकडून धान्याचे हक्क मिळत. रखवालदारच प्रसंगी दरोडा घालतो ही तक्रार त्या काळीही होतीच, पण ती तक्रार एखाद्या माणसाविषयी किंवा टोळीविषयी असे, आणि रखवालीची जबाबदारी गावाशी बांधलेली असल्यामुळे तिचा निकाल गावाच्या व्यवहारातच लावता येई. १८१८ साली पेशवाई बुडाली, किल्ल्यांवरची शिबंदी मोडली, पुरंदरच्या परिसरातील रामोशांचे जुने हक्क गेले आणि त्यांच्यातूनच उमाजी नाईक यांचे बंड उभे राहिले. या बंडाच्या काळात कंपनी सरकारने उमाजींना एकदा माफी देऊन नोकरीतही घेतले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण ज्याला हक्क आणि काम मिळते तो बंदोबस्ताचा भाग होतो, हे त्या सरकारला तेव्हा पुरते कळत होते. पुढे ते नाते तुटले, १८३२ च्या फेब्रुवारीत उमाजींना पुण्यात फाशी दिले गेले, आणि दुसऱ्याच वर्षी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांनी रामोशांची उत्पत्ती आणि स्थिती यांवर एक पुस्तक लिहिले. एका माणसाच्या बंडाचा तपास अशा रीतीने एका जमातीच्या वर्णनापर्यंत येऊन पोहोचला.

इतर समाजांचा ऱ्हास याहून मुकाट्याने झाला. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दख्खनभर फिरत. मोगल, मराठे आणि इंग्रज या तिघांच्याही फौजांना त्यांनी रसद पुरवली होती. कैकाडी आणि त्यांचे दक्षिणेकडील भाऊबंद गाढवांवरून मीठ वाहत आणि वाटेत टोपल्या व कणग्या विणून विकत. १८६० च्या दशकात भोर आणि थळ या दोन्ही घाटांतून आगगाडी वर चढली, मिठावर सरकारी कराचा बोजा होताच, आणि शतकानुशतके पायी चाललेला हा व्यापार एका पिढीत नाहीसा झाला. मीना राधाकृष्ण यांनी मद्रास इलाख्यातील कोरव समाजाच्या अभ्यासात हीच प्रक्रिया तपशिलाने दाखवली आहे. पारध्यांचे जगणे रानावर होते. फासे लावून तितर, लावे आणि हरणे धरायची व बाजारात विकायची हा त्यांचा धंदा. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात शिकार करणे आणि फासे लावणे हा अपराध ठरवला, त्यामुळे आज्यापासून चालत आलेले पोट भरण्याचे साधन आणि गुन्हा यांत काही अंतरच उरले नाही. ज्यांचा धंदा गेला पण पाय थांबले नाहीत अशी ही माणसे आता रस्त्यावर निष्कारण फिरणारी दिसू लागली, आणि गावात बसून शेतसारा भरणारा रयत हाच ज्या राज्यकर्त्यांच्या लेखी भला प्रजाजन होता, त्यांना प्रत्येक पालात चोर दिसू लागला.

संशयाचे कायद्यात रूपांतर करण्याचा नमुनाही तयार होता. ठगांच्या बंदोबस्तासाठी १८३६ साली केलेल्या कायद्याने, ठगांच्या टोळीत कधीही सामील असल्याचे सिद्ध होणे एवढीच गोष्ट जन्मठेपेला पुरेशी ठरवली होती. विशिष्ट दिवशी विशिष्ट माणसाचा खून कोणी केला हे सिद्ध करण्याची गरज तेथेच संपली. १८७१ च्या विधेयकामागील युक्तिवादाने आणखी एक पाऊल टाकले. या देशात धंदे जातीने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, तेव्हा काही जातींचा धंदा गुन्हा हाच असला पाहिजे आणि त्यांची मुलेही तोच करणार, असा तो युक्तिवाद होता. जातिव्यवस्थेविषयीची अर्धवट माहिती आणि युरोपात त्या वेळी फोफावत असलेली आनुवंशिक गुन्हेगारीची कल्पना यांचा हा संयोग होता, आणि त्यात सर्वांत घातक गोष्ट अशी होती की, या तर्कात सुधारण्याला जागाच नव्हती. कारण जो आज चोरी करत नाही तो संधी मिळताच करील, असे तो आधीच गृहीत धरत होता.

कायद्याची कलमे वाचली म्हणजे हे गृहीतक किती बारकाईने अमलात आणले गेले ते दिसते. प्रांतिक सरकारला एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग बिनजामिनाचे गुन्हे पद्धतशीरपणे करतो असे मानण्यास कारण आहे असे वाटले, तर त्याने तसा अहवाल गव्हर्नर जनरलकडे पाठवायचा. त्या अहवालात, ते लोक एखादा कायदेशीर धंदा करत असल्यास तो खरा धंदा आहे की गुन्ह्यांसाठी घेतलेले सोंग आहे, हेही लिहायचे. म्हणजे टोपल्या विणणारा कैकाडी टोपल्या विणतो हा त्याच्या बाजूचा पुरावाही त्याच्याविरुद्ध वळवता येत होता. एकदा अधिसूचना निघाली की कोणत्याही न्यायालयात तिच्या वैधतेला आव्हान देता येत नसे. मग दंडाधिकाऱ्याने नोंदवही तयार करायची, जमातीतील लोकांनी हजर राहून नावे लिहून द्यायची, आणि त्यानंतर नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर पास घ्यायचा. या पासाचे नियम पाहण्यासारखे आहेत. तो बाळगणाऱ्याने कोणत्या गावी जायचे, कोठे राहायचे, वाटेत कोणकोणत्या अधिकाऱ्यांपुढे हजर व्हायचे आणि किती काळ बाहेर राहायचे, हे सारे नियमांनी आणि पासातील अटींनी बांधलेले असे. सोयरिकीसाठी, मयतीसाठी किंवा बाजारासाठी निघालेल्या माणसाला उशीर झाला, नदीला पूर आला, बैल अडला किंवा पोर आजारी पडले, तर तो गुन्हेगार होत असे. नियमभंगाला सक्तमजुरीची, दंडाची किंवा फटक्यांची शिक्षा होती आणि दुसऱ्या खेपेस ती वाढत जाई. पासाशिवाय हद्दीबाहेर सापडलेल्याला पोलिसाने किंवा गावच्या जागल्याने वॉरंटाशिवाय धरायचे, आणि असे लोक गावाच्या शिवारात आले तर पाटलाने वर्दी द्यायची, असे बंधनही कायद्याने घातले होते.

येथे गुन्हेगारी वाढवणाऱ्या प्रक्रियेचे मर्म आहे. चोरी हे सर्वत्र दंडनीय कृत्य आहे. पण हजेरी चुकणे, एका गावातून दुसऱ्या गावी जाणे, बिऱ्हाड हलवल्याची वर्दी न देणे ही कृत्ये केवळ या नोंदवहीतील माणसासाठी गुन्हा होती. ज्यांचे सारे जीवन फिरण्यावर चालले होते, त्यांच्यासाठी फिरणे हाच गुन्हा ठरवला की शिक्षांची संख्या वाढणे अपरिहार्य होते. या शिक्षा जमातीच्या नावावर जमा होत, पुढचा अधिकारी त्या दप्तराचा आधार घेऊन जमात किती अट्टल आहे ते लिही, आणि त्या लिखाणाच्या बळावर नियम आणखी कडक होत. कायद्याने स्वतः निर्माण केलेले गुन्हे आणि कायद्याआधीपासून चालत आलेले गुन्हे यांतला भेद या व्यवहारात पुसला गेला. आणि एकदा तो पुसला गेल्यावर या समाजांत मुळात किती चोर होते, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर त्या दप्तरातून काढणे कोणत्याही इतिहासकाराला शक्य राहिले नाही.

१८७१ चा कायदा प्रारंभी उत्तरेतील प्रांतांपुरता होता, आणि मुंबई इलाख्याला गुन्हेगार जमाती कायदा लागू झाला तो १९११ च्या नव्या अधिनियमाने. परंतु इलाख्यात त्याची मानसिक तयारी आधीच झालेली होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ज्या कलमांखाली चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागता येई, आणि पोलिसी बोलीत ज्यांना आजही चॅप्टर केस म्हणतात, त्या कलमांखाली माणूस सराईत आहे हे केवळ लोकप्रवादाच्या आधारे सिद्ध करता येत होते. १९०८ मध्ये मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड पुस्तक काढले. त्यात भामटा, कैकाडी, मांग गारुडी, छप्परबंद, पारधी, बेरड, रामोशी अशा समाजांची एकेक करून माहिती दिलेली आहे. त्यांची वस्ती, वेश, भाषा, सवयी आणि गुन्ह्याच्या पद्धती अशा क्रमाने ती येते, जणू पोलीस शिपायाने गावात शिरणारा माणूस कपड्यांवरून ओळखावा. अशा पुस्तकाने पोलिसाची नजर घडते, आणि नजर घडली की ती जेथे पाहते तेथेच तिला गुन्हेगार सापडतात. जेथे ती पाहतच नाही, त्या पेठांमधील आणि वाड्यांमधील अपराध मात्र नोंदीबाहेर राहतात.

१९११ च्या कायद्याने बोटांचे ठसे आले आणि जमात घोषित करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांकडे आला. या आणि पुढे १९२४ च्या कायद्यात दोन कलमे अशी होती की, त्यांच्याकडे पाहिल्यावर दुय्यम विचलनाची कल्पना समजण्यास वेगळ्या उदाहरणाची गरज राहू नये. एकानुसार, गुन्हेगार जमातीतील माणूस यादीतल्या एखाद्या गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा दोषी ठरला तर त्याला किमान सात वर्षे कैद आणि तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा द्यायची, मग चोरलेली वस्तू कितीही क्षुल्लक असो. दुसऱ्यानुसार, नोंदलेला माणूस चोरीच्या किंवा लुटीच्या बेतात होता असे न्यायालयाला पटण्याजोग्या परिस्थितीत नुसता सापडला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होई. पहिल्या कलमाने एक चूक करून बसलेल्या तरुणाला परतीची वाट बंद केली, आणि दुसऱ्याने काहीच न करणाऱ्यालाही सुरक्षित ठेवले नाही. ज्याला रात्री रस्त्यावर सापडल्याबद्दल आणि घर फोडल्याबद्दल तुरुंगातच जायचे आहे, त्याच्यापुढे सरळ राहण्याचे कोणते आमिष ठेवले होते, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. कर्ता पुरुष सात वर्षे तुरुंगात गेला की मागे राहिलेल्या बायकामुलांनी काय खावे, याचीही सोय कायद्यात नव्हती. आणि उपाशी घरातून जी नवी चोरी होई तिची नोंद आनुवंशिक प्रवृत्ती म्हणून होई.

याच काळात वसाहती, म्हणजे लोकांच्या तोंडी रूढ झालेली ‘सेटलमेंट’, आली. उत्तर हिंदुस्थानात आणि मद्रास इलाख्यात मुक्तिफौजेने अशा वसाहती चालवल्या. मुंबई इलाख्यात हे काम ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने विजापूरपासून सुरू केले आणि पुढे हुबळी, गदग, बारामती, सोलापूर अशा अनेक ठिकाणी पसरवले. यांतले सोलापूर हे गिरण्यांचे शहर. तेथे तारेच्या कुंपणाआड पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटा, मांग गारुडी अशी निरनिराळ्या बोलींची आणि चालीरीतींची कुटुंबे एकत्र ठेवली गेली, त्यांना कापड गिरण्यांत कामाला लावले गेले, आणि कामावरून परतल्यावर हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही, हा नियम राहिला. चांगली वर्तणूक दिसली की कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त जागा मिळे, सोलापुरात सेटलमेंट आणि फ्री कॉलनी ही नावे वस्त्यांना आजही चिकटून आहेत.

स्टार्ट यांच्याविषयी न्यायाने लिहायचे तर त्यांना इतर अधिकाऱ्यांच्या ओळीत बसवता येत नाही. गुन्हेगारी रक्तात नसून परिस्थितीत असते, काम आणि शाळा मिळाली की माणूस बदलतो, यावर त्यांचा विश्वास होता. दलित आणि आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या ज्या समितीने १९३० मध्ये अहवाल दिला तिचे ते अध्यक्ष होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे एक सदस्य होते. गिरणीत नियमित पगारावर काम करणाऱ्या कुटुंबांनी आनुवंशिकतेचा सिद्धांत आपल्या रोजच्या जगण्याने खोटा पाडला, हेही खरे. पण त्या सिद्धांतावर उभे असलेले कुंपण त्यामुळे पडले नाही. वसाहतीतला कामगार हा गिरणीमालकाला हवा असलेला कामगार होता, कारण तो काम सोडून जाऊ शकत नव्हता. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची तरतूद केली होती, तिच्यामागचा विचार वसाहतींच्या काळातही टिकून होता, आणि मुलाला सुधारायचे म्हणजे प्रथम त्याला त्याची आई ही गुन्हेगार आहे असे शिकवायचे, असा त्याचा अर्थ होता. शिवाय कुंपणाबाहेरच्या शहराच्या दृष्टीने आत राहणारा प्रत्येक जण चोरच होता. सुधारणेसाठी दिलेला पत्ताच शिक्का झाला, आणि सेटलमेंटमधल्या मुलाला शाळेत, नोकरीत आणि सोयरिकीत तो पत्ता सांगावा लागला.

हा सारा दोष परकीय सरकारच्या माथी मारून मराठी समाजाला मोकळे होता येणार नाही. कायद्याला गावोगावी हात आणि डोळे पुरवले ते पाटलाने, जागल्याने आणि शिवारातल्या रयतेने. पालांना गावाजवळ दोन-तीन रात्रींहून अधिक थारा द्यायचा नाही, आले की पाटलाकडे हजेरी लावायला सांगायचे, जाताना दाखला द्यायचा, हा रिवाज अनेक ठिकाणी कायद्याहून जुना होता आणि कायद्यानंतरही टिकला. चोरी झाली की प्रथम पालावर धाड जाई, माल सापडो वा न सापडो मार पडे, आणि मार चुकवण्यासाठी पोलिसाला, पाटलाला किंवा आश्रय देणाऱ्या जमीनदाराला काहीतरी द्यावे लागे. ज्याच्यापाशी पगार नाही त्याने हे काहीतरी आणायचे कोठून? संशयातून सुटण्याची किंमत भागवण्यासाठीच चोरी करावी लागे, असे हे चक्र होते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाचे मोल येथे आहे. आपल्या लोकांनी चोऱ्या केल्याच नाहीत असा दावा ते पुस्तक करत नाही. खिसा कापण्याचे कसब लहान पोरांना कसे शिकवले जाई हेही ते सांगते, आणि त्याच वेळी काम मागायला गेलेल्या माणसाला काम का मिळत नसे तेही सांगते. लेमर्ट ज्याला दुय्यम विचलन म्हणतात ते, कोणत्याही परिभाषेशिवाय, त्यात आतून पाहायला मिळते : बाहेरच्या जगाने सर्व दारे बंद केल्यावर उरलेल्या एका दाराभोवती घर, नाती, मान आणि कौशल्य यांची रचना कशी होत जाते ते.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची तपासणी करणारी समिती नेमली गेली. टॅननबॉम यांचा ग्रंथ बाहेर पडत होता त्याच काळात तिचे काम चालू होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये कायदा मागे घेतला, अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर १९५२ मध्ये तो देशभर रद्द झाला, आणि या समाजांना विमुक्त असे नवे नाव मिळाले. मात्र नोंदवही बंद होण्याआधीच तिची जागा घेणारे कायदे येऊ लागले होते. मुंबई प्रांतात १९४७ मध्येच सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा कायदा झाला होता आणि १९५९ मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. हे कायदे जमातीविषयी न बोलता व्यक्तीविषयी, तिला झालेल्या शिक्षांविषयी बोलतात, हा फरक तत्त्वतः मोठा आहे. पण ज्यांच्या शिक्षांचा ढीग जुन्या कायद्याने आधीच रचून ठेवला होता, ते नव्या व्याख्येत आपोआप बसले. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत सापडणे हा अपराध ठेवला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीचा धंदा बेकायदा आणि म्हणूनच किफायतशीर केला, आणि ज्यांना दुसरे काम कोणी देत नव्हते त्यांच्यातील काही जण त्यात ओढले गेले. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे यांच्या निमित्ताने पैसे मागण्याचाही भीक मागण्यात समावेश केला, त्यामुळे भटक्यांपैकी जे कधी चोरीच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते त्यांची कलाही अपराधाच्या कक्षेत आली.

चक्र तोडता येते याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा, रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, कंजारभाट, छप्परबंद अशा चौदा जाती आहेत. त्यांपैकी बंजारा समाजातले वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. जेथे शेती, शिक्षण आणि राजकारणातला वाटा हाती आला, तेथे शिक्का एका-दोन पिढ्यांत फिका पडला. जेथे यातले काहीच आले नाही, तेथे तो पहिल्याइतकाच गडद राहिला. पारध्यांच्या बाबतीत नेमके हेच झाले, आणि त्यात भर म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवरची बंदी राखीव जंगलाबाहेर माळरानापर्यंत आणली. फरक रक्तात असता तर दोन्ही समाजांची कहाणी सारखीच झाली असती.

१९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधील पुरुलियात बुधन शबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला, त्याच वर्षी बारामतीत एका पारधी तरुणाला पोलीस कोठडीत मरण आले, आणि महाश्वेता देवी, गणेश देवी व लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशव्यापी गट उभारला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. ती माणसे मंगळवेढ्याकडची होती, आणि अनोळखी पोशाख व फिरते पाय एवढाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगारांत गणणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, आणि विमुक्त समाजातील लोकांची मनमानी अटक होऊ नये याची काळजी घेण्यास पोलिसांना सांगितले. म्हणजे मूळ कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाल्यावरही त्याची भाषा सरकारी नियमांत जिवंत होती.

नियमावल्या दुरुस्त करता येतील. त्याहून अवघड गोष्ट आज महसूल कचेरीच्या खिडकीपाशी घडते. विमुक्त आणि भटक्या जमातींच्या सवलतींसाठी लागणाऱ्या जातीच्या दाखल्याकरिता २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांना कोणत्याही गावाने तीन रात्रींपेक्षा अधिक राहू दिले नाही, ज्यांचे नाव सातबाऱ्यावर आले नाही, शाळेच्या दाखल्यावर आले नाही आणि घरपट्टीच्या पावतीवरही आले नाही, त्यांच्याकडे सरकार त्याच काळातील स्थिर वास्तव्याचा कागद मागते. कागद नसला की दाखला नाही, दाखला नसला की शिष्यवृत्ती आणि राखीव जागा नाही, आणि मुलगा पुन्हा पालावर परततो, जेथे पुढच्या चोरीनंतर पहिली धाड पडणार असते.